एक नंबरची ओळ

रंगनाथ गेल्याचा फोन आला, तेव्हा मी न्हावरा फाट्यावर रस्ता अडवून बसलो होतो. गावाच्या कमानीवरचं नाव कुणीतरी डांबर फासून घालवलं होतं, त्याचा निषेध चालला होता. सूनबाई फोनवर एवढंच म्हणाली, "आबा, रंगूतात्या गेले." मी लगेच उठलो नाही... पोरांच्या घोषणा संपेपर्यंत तसाच बसून राहिलो. महिना होऊन गेला, पण ते बसणं काही अंगातून जात नाही.

रंगनाथ माझ्या बरोबरीचा. मी दुसरीतून शाळा सोडली, तो सातवीपर्यंत टिकला. अंगठा लावायची मला लाज वाटायची, आणि शिकव म्हणून कुणाला सांगायची त्याहून जास्त. त्यानं ते न सांगता ओळखलं. बांधावर बसून मातीत काडीनं माझं नाव काढून दिलं, गिरवून घेतलं, आणि जन्मात कुणापुढं बोलला नाही. पुढं कालव्याच्या पाण्यासाठी, दुधाच्या भावासाठी, बैलगाड्याच्या शर्यती बंद केल्या तेव्हा, जिथं जिथं आम्ही बसलो तिथलं निवेदन त्याच्या अक्षरात असायचं. एक नंबरला माझी सही, दोनला त्याची. मी चिडवायचो, लिहिणारा तू आन् पुढारी मी. तो म्हणायचा, "तुझा आवाज मोठा हाय, माझं अक्षर बरं हाय. भागतंय की." शिरूरच्या तहसील कचेरीत कागद द्यायचा, दुसऱ्या प्रतीवर शिक्का मारून पोच घ्यायची आणि जपून ठेवायची, हे त्याचंच काम.

त्याच्या मागच्या खोलीत बिहारकडची संगीता आणि तिचा नवरा भाड्यानं राहायचे. सणसवाडीला एका कंपनीत पत्रा दाबायच्या प्रेस मशीनमध्ये सापडून तिचा उजवा हात गेला. कंपनी म्हणाली, ती आमची कामगार नाही, ठेकेदाराची आहे. ठेकेदारानं फोन बंद केला. रंगनाथ निवेदन लिहून माझ्याकडं आला. नेहमीसारखी वरची ओळ मोकळी, खाली त्याची सही. मी कागद हातातसुद्धा धरला नाही.

"त्येंच्यासाठी त्येंची माणसं बसतील," मी म्हटलं. "आपला काय संबंध?"

"बैलांसाठी दोन दिस रस्त्यावर बसलास की. ते समदे तुझ्याच गोठ्यातले व्हते व्हय?"

मी तावातावानं बोललो, भाडेकरूचा पुळका आलाय म्हटलं. खरं कारण त्याला ठाऊक होतं, आणि मला तर होतंच. त्या कंपनीच्या कँटीनचा ठेका माझ्या नातवाकडं होता. तो ते बोलला नाही. बोलला असता, तर मला भांडायला तरी जागा मिळाली असती...

तहसीलसमोर तो तीन दिवस एकटाच बसला. दुसऱ्या दिवशी बाजाराला जाताना मी त्याच रस्त्यानं गेलो. त्यानं हात वर केला. मी समोरच्या दुकानाची पाटी वाचायला लागलो. ज्याला धड वाचता येत नाही असा माणूस, रस्ता संपेपर्यंत पाट्या वाचत गेला. त्याच्याजवळ कुणीच जाऊन बसलं नाही. संगीता नवऱ्याबरोबर मुलखाला निघून गेली. त्यानंतर रंगनाथ पारावर आला की मी उठून जायचो. तो मात्र दरवेळी सरकून बाजूला जागा करायचा.

दहाव्यानंतर वहिनींनी पोचांची पिशवी माझ्यापुढं ठेवली. म्हणाल्या, "तुमच्याच सह्या हायेत भावजी, तुम्हीच ठेवा." सगळ्यात वर तोच कागद होता. कचेरीचा शिक्का बसलेला. एक नंबरची ओळ कोरी, दोनला रंगनाथ. एकटा असूनही त्यानं आपलं नाव वर घेतलं नव्हतं.

परवा पोरं कसलंसं निवेदन घेऊन आली. मी दोन नंबरला सही केली. वरची जागा कुणाची, आबा, असं त्यांनी विचारलं. राहू द्या, म्हटलं. त्यापुढं सांगायला तोंड झालं नाही.

म्हणून हे नातीकडून लिहून घेतलं. ती कँटीनवाल्याची बहीण. ठेक्याच्या ओळीला थांबली, "आबा, हे पण घालू?" म्हणाली. घाल, म्हटलं. खालची सही मात्र माझ्या हातची आहे... बांधावर काडीनं गिरवलेली.