आडवी कबर

धाडच्या मिशनचं कबरस्तान लहानसं, आणि तिथल्या कबरी खणणारा रहेमतुल्ला मुसलमान. यात गावात कुणाला काही वावगं वाटत नसे. त्याचा बाप गावच्या कबरस्तानात खणायचा, तिथंच रहेमतुल्लाचा हात बसला. मिशन आलं, पाद्र्यानं विचारलं, आणि त्यानं कुदळ उचलून इकडंही आणली. फरक एवढाच, की मुसलमानाची कबर उत्तर-दक्षिण आणि ख्रिस्ती माणसाची पूर्व-पश्चिम. दिशा कधी विचारावी लागत नाही, याचा त्याला भारी तोरा होता.

तरी तीस वर्षांत एकदा तो चुकला होता. ते फक्त त्याच्या बायकोला, सुगराबीला ठाऊक होतं.

एकोणीसशे एकतीसच्या नोव्हेंबरात, ख्रिस्ती लोकांच्या मृतांच्या सणाला, नागपूरच्या मिशन दवाखान्यातली नर्स कोकिळाबाई धाडला आली. तीस वर्षांपूर्वीच्या मोठ्या दुष्काळात ती पाच वर्षांची होती. आईनं तिला साखरखेर्ड्याहून कडेवर घेऊन इथवर आणलं, कारण मिशनमध्ये पेज मिळत होती. आई इथंच गेली आणि पोर नागपूरच्या अनाथाश्रमात पोचली. या सणाला जो तो आपापल्या माणसाच्या कबरीवर मेणबत्ती लावतो. कोकिळाबाई मात्र दरवर्षी नागपुरातच मोठ्या क्रुसाच्या पायथ्याशी लावायची, कारण तिला आईची कबरच ठाऊक नव्हती. यंदा मेणबत्ती आईपाशीच लावायची, नाहीतर हा ध्यास कायमचा सोडायचा, असं तिनं ठरवलं होतं.

फादरनी मृत्यूंची जुनी वही काढली. त्या उन्हाळ्यात मरणाऱ्या बायकांना मिशनचे मास्तर घाईघाईनं बाप्तिस्मा द्यायचे आणि प्रत्येकीचं नाव मारियाच ठेवायचे. एका मे महिन्यात अकरा मारिया! बिचाऱ्या मास्तरांना तरी दुसरं काय सुचणार? पण गाव लिहिलं होतं. "मारिया, साखरखेर्डा, वय अंदाजे पंचवीस." शेवटच्या रकान्यात नुसती एक रेघ.

"ही रेघ कसली, फादर?"

"दफनाच्या वेळी जवळ कोण होतं, ते इथं लिहितात." फादर जरा अडखळले. "तुमच्या आईजवळ कुणी नव्हतं."

कबरीची जागा काही वहीत नव्हती, आणि लाकडी क्रूस वाळवीनं केव्हाच खाल्ले होते. फादर तिला घेऊन कबरस्तानात आले. रहेमतुल्ला सणासाठी गवत काढत होता. फादरनी साखरखेर्डा म्हटल्याबरोबर त्याच्या हातातला विळा थांबला.

कोणतीही एक कबर दाखवली असती तरी तपासायला कोण येणार होतं? बाई समाधानानं गेली असती, आणि त्याची चूक मातीखालीच राहिली असती. पहिल्या ओळीकडे दाखवायला त्यानं हात उचललाही. मग बाईच्या हातातली, रुमालात गुंडाळलेली मेणबत्ती त्याला दिसली, आणि खोटं बोलायला काही त्याची जीभ रेटेना.

तो त्यांना कोपऱ्यातल्या निंबाखाली घेऊन गेला. एका दिशेनं निजलेल्या कबरींत एकच उंचवटा आडवा होता.

"बाई, हे तुमची माय," तो म्हणाला. "आडवी हाय. चूक माही हाय. त्या दिशी फादर अकोल्याले गेले होते, मास्तर तापानं पडले होते. मी एकटाच. हात आमच्या कबरस्तानाच्या सवयीनं चालला. खणून झाल्यावर ध्यानात आलं, पण दुसरी खणाले अंगात ताकद नव्हती. मीबी पेजेवरच होतो."

"एवढंच ना, चाचा?"

"नाही." त्यानं मान खाली घातली. "आम्ही मयताले उजव्या कुशीवर निजवतो, तोंड पश्चिमेले करून. तिलेबी मी तसंच निजवलं. गालाखाली मातीचं ढेकूळ ठेवलं. तुमच्या धर्मात ते चालत नसन, त तिचं पुढं कसं झालं असन? तीस साल हाच घोर लागला हाय मले. माफ करा."

 दुष्काळातली मढी गाडीतून खड्ड्यात लोटून देत, असं कोकिळाबाईनं लहानपणी ऐकलं होतं. आजवर आई आठवली की तो खड्डाच तिच्या डोळ्यांपुढे यायचा.

"ढेकूळ तुम्ही हातानं ठेवलं?"

"हाव. मऊ पाहून ठेवलं."

ती मटकन खाली बसली आणि मोठ्यानं रडली. तीस वर्षांचं रडणं होतं ते, आवरणार कसं? रहेमतुल्ला घाबरला. आपण हिचं मन दुखावलं, असंच त्याला वाटलं.

बऱ्याच वेळानं फादर म्हणाले, "कबरीवर दगड बसवताना आपण दिशा नीट करून घेऊ."

"नको, फादर. आई निजलीय तसाच बसवा." तिनं डोळे पुसले. "मात्र वहीतली ती रेघ खोटी आहे."

फादरनी तिथंच वही मागवली आणि गुडघ्यावर ठेवून रेघेवर काहीतरी लिहिलं. रहेमतुल्लाला वाचता येत नव्हतं. आपली चूक सरकारी कागदासारखी आता कायमची नोंदली गेली, असं वाटून त्यानं भीत भीत विचारलं, "काय लिवलं, बाई?"

कोकिळाबाईनं रकान्यावर बोट ठेवून वाचलं, "मारिया, साखरखेर्डा. दफनाच्या वेळी जवळ कोण होतं: रहेमतुल्ला."

त्यानं ते तिला पुन्हा वाचायला लावलं.

"हाव," तो म्हणाला. "मी होतो."