उजवी बाही

चमत्कार वगैरे मी मानत नाही, आजही नाही. शाळा चौथीपर्यंत, पण कात्री साठ वर्षं धरली... उगाच काही लिहिणारा माणूस नाही मी.

नव्वदनंतरची गोष्ट. इथं कानडी मुलखात, शिवाजीनगर बस स्टँडमागच्या गल्लीत माझं टेलरिंगचं दुकान. रेडिमेड आलं आणि गिऱ्हाईक गेलं. घरी चूल एक वेळ पेटायची. तरी इस्त्रीचा शर्ट घालून दुकान रोज उघडायचो. कुणाला कळता कामा नये!

गल्लीतल्या चर्चमध्ये संत अंतोनची मूर्ती आहे. सणाला तिचा तपकिरी झगा मीच शिवायचो, फुकट. दर मंगळवारी तिथे संताच्या नावानं गरिबांना पाव वाटतात. वाटणारा जोसेफ, चर्चचा राखणदार, माझा चाळीस वर्षांचा दोस्त.

त्या वर्षी माप घ्यायला गेलो. जोसेफ मेणबत्त्या आणायला गेला होता, आत चिटपाखरू नव्हतं. टेप लावता लावता बोलून गेलो, "स्वामी, कालपासून घरात दाणा नाही. पण तुझ्या रांगेत हा म्हातारा उभा राहणार नाही, सांगून ठेवतो."

झगा चढवला. पुढच्याच मंगळवारी दुपारी घरी आलो तर ताटात पाव!

"कुणी दिला?"

"तपकिरी झग्यातले एक स्वामी आले होते," बायको म्हणाली. "अनवाणी. आणि अहो, आपल्यासारखं मराठी बोलले! म्हणाले, अण्णांना सांगा, उजवी बाही स्वल्प आखूड झालीय."

डोकंच फिरलं. त्या चर्चमध्ये तपकिरी झगा कुणीच घालत नाही, फादरसुद्धा पांढऱ्यात. म्हणजे जोसेफचीच करणी, आडून ऐकून कुणाला तरी झगा घालून पाठवलं असणार! तडक गेलो.

"माझी उपासमार गावभर केलीस? वर माझ्या कामाला नावं?"

तो बघतच राहिला. "उपासमार? अय्यो अण्णा, हे तर तू मला आत्ता सांगतोयस!"

"नाटकं पुरे."

त्यानं मूर्तीची काचेची पेटी उघडली. मी टेप लावला... उजवी बाही बोटभर आखूड. माझं माप कधी चुकलं नव्हतं.

बाही नीट करून दिली, पण जोसेफशी बोलणं टाकलं. तो दोनदा दुकानात आला, मी मशीनवरून मान वर केली नाही. पाव दर मंगळवारी येतच राहिला, नेमका मी दुकानात असताना. बायको खायची. मी हात लावला नाही.

दोन वर्षांनी जोसेफ गेला. त्याला माती दिली तो मंगळवारच होता. घरी आलो... ताटात पाव.

म्हणजे जोसेफ नव्हताच. मग कोण? मी एकट्या त्या संतालाच सांगितलं होतं. फितूर तो झाला, आणि दोस्त माझा गेला.

झगा अजून शिवतो. माप घेताना तोंड मात्र उघडत नाही.