नामदेवाची ओंजळ

पासष्टच्या लढाईत आमची प्लाटून पंजाब सीमेवर एका कालव्याच्या काठी होती. मी चिखलीचा, हुद्द्यानं नायक, सेक्शन कमांडर. एलएमजीवर, म्हणजे हलक्या मशीनगनवर, पिंपळगाव राजा या गावचा नामदेव. प्लाटूनमध्ये वऱ्हाडी बोलणारे आम्ही दोघेच, त्यामुळे भांडायलाही एकमेकांशिवाय कोणी नव्हतं.

सकाळी सव्वासहाला तोफा सुरू झाल्या. पहिला गोळा लंगरावर, आमच्या स्वयंपाकाच्या जागेवर, पडला, तिथले दोघे जागीच गेले. साडेसहाला शत्रूचं पायदळ उसातून बाहेर आलं. मी रेडिओवर कळवलं, "उजवीकडून हल्ला. साठ-सत्तर माणसं. ओव्हर."

"जागा सोडायची नाही. आउट."

नामदेवाने पुढची रांग कापून काढली. मागचे प्रेतं तुडवत आले. एक जण थेट ट्रेंचमध्ये उतरला. मी त्याला संगीन खुपसली. ती निघेना, म्हणून त्याच्या छातीवर पाय देऊन ओढली. तेवढ्यात ग्रेनेड फुटला. धूर विरला तेव्हा नामदेवाचं पोट फाटलेलं होतं.

"पाणी दे बे," तो म्हणाला.

पोटाच्या जखमेला पाणी द्यायचं नाही, हे ट्रेनिंगमध्ये पाठ करून घेतलं होतं. मी नियम पाळला. "डॉक्टर येऊन राह्यला," एवढंच म्हणत राहिलो. चाळीस मिनिटं तो पाणी मागत होता आणि माझी बाटली भरलेली होती. मग तो गेला. डॉक्टर नंतर म्हणाले, "वाचणार नव्हताच. दिलं असतं तरी चाललं असतं." त्या डॉक्टरांचा मला आजही राग येतो.

रजेवर आलो तेव्हा पिंपळगाव राजाला शाळेपुढे श्रद्धांजलीची सभा होती. भाषणांत 'श्रद्धांजली' हा शब्द दहादा आला. शेवटी नामदेवाच्या वडिलांनी, तात्यांनी, विचारलं, "गुरुजी, त्याचा मतलब काय होते?"

"अंजली म्हणजे ओंजळ, तात्या. श्रद्धेनं भरलेली ओंजळ. गेलेल्या माणसाला आपण ओंजळीनं पाणी देतो ना, तसं."

तात्या माझ्याकडे वळले. "मरताना पाणी मांगतलं काय त्यानं?"

खोटं बोलता आलं असतं. "हो. मी देलं नाही."

"काऊन?"

"पोटाले लागलं होतं. पाण्यानं मरन म्हणून."

तात्या उठले, शाळेच्या रांजणातून तांब्या भरून आणला आणि माझ्या हातांवर धरला.

"तवा त्याले वाचवासाठी नाही देलं. आता दे."

मी ओंजळ केली. ती नीट जुळेना, पाणी सगळं मनगटांवरून गेलं. "नामदेव, घे," म्हणालो आणि गावासमोर ढसाढसा रडलो. तात्यांनी तांब्या पुन्हा वाकवला.