ठमीचं ऑपरेशन

माधवीची गर्भपिशवी काढली, त्याच साली दिवाळीच्या सुमारास ठमी त्यांच्या घरात आली. कात्रपमधल्या पहिल्या मजल्यावरच्या त्या लहानशा फ्लॅटमध्ये तेव्हा तीन माणसं होती आणि तिघंही एकमेकांशी फार जपून बोलत होती. माधवीचा नवरा जितेश अंबरनाथ एमआयडीसीत रंगाच्या एका कंपनीत शिफ्टला जायचा. सासू कौसाबाई मुरबाडकडच्या. नवरा गेल्यावर त्या गावचं घर बंद करून लेकाकडे राहायला आल्या होत्या. लग्नाला पंधरा वर्षं होऊन गेली होती. माधवीला तीनदा दिवस गेले आणि तिन्ही वेळा पाचवा महिना काही लागला नाही. पुढे गाठी झाल्या, अंगावरून जायचं थांबेना. शेवटी डॉक्टरांनी सांगितलं, आता पिशवी ठेवण्यात अर्थ नाही.

कौसाबाई सुनेला मुलाबाळावरून कधी टाकून बोलल्या नाहीत. ऑपरेशननंतर महिनाभर त्यांनी तिला पाण्याचा पेलासुद्धा उचलू दिला नाही. अंग भरून यावं म्हणून अळिवाचे लाडू केले, डोक्याला तेल घातलं, शेक-शेगडी केली. सगळं बाळंतिणीचं केलं, फक्त बाळ तेवढं नव्हतं. माधवी भिंतीकडे तोंड करून लाडू खायची. टाकला तर म्हातारीला वाईट वाटेल, म्हणून सगळा खायची.

ठमी ही मांजरी गॅलरीतून आली. पांढऱ्या अंगावर काळे-पिवळे डाग, पाठीची हाडं वर आलेली. कौसाबाईंनी तिला वाटीत दूध ठेवलं आणि ती तिथलीच झाली. नावही त्यांनीच ठेवलं. जितेश आधी कुरकुरला, पण आईचा वेळ जातोय हे बघून गप्प बसला. उन्हाळ्याच्या तोंडावर ठमीचं पोट दिसायला लागलं, तेव्हा कौसाबाईंना केवढा आनंद झाला. तिच्या पाठीवरून हात फिरवत त्या म्हणाल्या, “हिचं तरी नीट होऊ दे रे देवा.” म्हणाल्या आणि जीभ चावून गप्प झाल्या. माधवी ओट्याशी उभी होती. तिने नळ मोठा सोडला आणि ऐकलंच नाही असं दाखवलं.

कपाटाच्या खालच्या खणात, कौसाबाईंच्या जुन्या लुगड्यावर ठमी व्याली. तीन पिल्लं झाली. बाराव्या दिवशी कौसाबाईंनी सुपात मऊ फडकं अंथरून तिन्ही पिल्लं त्यात ठेवली, घुगऱ्या शिजवल्या आणि जिन्यावरच्या चार बायकांना हाक मारली. बायका हसत हसत आल्या. कुणी मोबाइलवर व्हिडिओ काढला. माधवीला मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं, तरी ती आत जाऊन बसली नाही. खरं सांगायचं तर तिलाही बरं वाटत होतं. घरात घुगऱ्यांचा वास यावा, बायका दाटीवाटीने बसाव्यात, हे त्या घरात पहिल्यांदाच होत होतं.

दोघांची नावं कौसाबाईंनी ठेवली, सोमा आणि तुळशी. तिसरं पिल्लू त्यांनी माधवीच्या मांडीवर दिलं. “याचं तू ठेव.”

माधवीच्या तोंडून नाव निघून गेलं, “राजस.”

पहिल्या खेपेला दिवस राहिले तेव्हा तिने हे नाव मनात धरलं होतं. ते फक्त जितेशला ठाऊक होतं. तो दुसऱ्या पाळीला जायला निघाला होता, दारात बूट घालत होता. त्याने मान वर करून एकदा तिच्याकडे पाहिलं, लेस तशीच ठेवली आणि जिना उतरून गेला.

पिल्लं मोठी झाली तशी जिन्यात उतरायला लागली. कुणाच्या चपलांत घाण सापडली, कुणाच्या दारातली दुधाची पिशवी फाटली. सोसायटीचा सेक्रेटरी भावेश एके संध्याकाळी येऊन बसला. माणूस भला होता, आवाज चढवला नाही. त्याने सांगितलं, की मांजर पाळायला कुणाची ना नाही, पण पिल्लावळ वाढत गेली तर लोक ऐकणार नाहीत. पिल्लं कुणाला तरी देऊन टाका, मांजरीचं ऑपरेशन करून घ्या आणि हल्ली कातडीखाली चिप बसवतात तीही बसवा, म्हणजे ही तुमची, भटकी नव्हे, हे कुणालाही दाखवता येईल. कौसाबाई सगळं ऐकत होत्या. तो गेल्यावर म्हणाल्या, “मुक्या जिवाची कूस कापायला सांगतो. त्याच्या आईला विचार म्हणावं.” माधवीने विषय पुढे ढकलला. तिच्याच्याने ते होत नव्हतं. त्या टेबलावर झोपणं काय असतं ते तिला माहीत होतं.

त्यानंतर पंधरवड्याच्या आतच एका सकाळी पिल्लं नाहीशी झाली.

कौसाबाईंनी सगळी बिल्डिंग पालथी घातली. गटारात वाकून पाहिलं, टाकीमागे पाहिलं, शेवटी जिन्यात उभ्या राहून सोसायटीवाल्यांना शिव्याशाप दिले. भावेशने आईची शपथ घेऊन सांगितलं, की आम्ही हात लावलेला नाही. ठमी कपाटातून गॅलरीत, गॅलरीतून जिन्यात, पुन्हा कपाटात अशी फिरत राहिली. तिच्या ओरडण्यात एक विचारल्यासारखा सूर होता. माधवी कानात कापसाचे बोळे घालून स्वयंपाक करायची.

चार-पाच दिवसांनी कौसाबाई देवळात गेल्या असताना जितेशने माधवीला गॅलरीत बोलावलं.

“पिल्लं मी नेली,” तो म्हणाला. “पहिल्या पाळीला जाताना. कंपनीच्या कॅन्टीनमागे सोडली. वाटलं, तिथे उष्टं-खरकटं मिळेल. दुसऱ्या दिवशी जाऊन पाहिलं तर नव्हती.”

त्याने कठड्याला घट्ट धरलं होतं.

“आई दिवसभर राजस, राजस करत होती. ये रे राजस, दूध पी रे राजस. मी दमून घरात पाय टाकला की तेच कानावर. मला नाही सहन झालं, माधवी.”

ती त्याला रागाने बोलली असती तर बरं झालं असतं, असं तिला पुढे कितीदा तरी वाटलं. पण त्या घडीला तिला त्याची दयाच आली, आणि स्वतःचा संताप आला. नाव तिने दिलं होतं. तिने हे सासूला सांगितलं नाही. तिने मनाशी ठरवलं, की या घरात पुन्हा पिल्लं होऊ द्यायची नाहीत. पुन्हा सूप नको, घुगऱ्या नकोत, पुन्हा कुणी पिल्लं पिशवीत भरून न्यायला नको.

ठमी दिवसचे दिवस गॅलरीबाहेर भटकून यायला लागली होती. डॉक्टरची वेळ मिळेपर्यंत आणखी काही आठवडे गेले. माधवीने कौसाबाईंना सांगितलं, की हिला लस टोचून आणते. भाजीच्या प्लास्टिकच्या टोपलीत ठमीला बसवलं, वरून दुसरी टोपली ओढणीने बांधली आणि रिक्षाने अंबरनाथला गेली. दवाखाना डॉक्टर नेत्रा नावाच्या एका तरुण बाईंचा होता. त्यांनी ठमीला उपाशी ठेवलंय ना, हे विचारलं, तपासायला घेतलं आणि पोट चाचपताना त्यांचा हात थांबला. मग त्यांनी सोनोग्राफी केली.

“ही पुन्हा गाभण आहे,” त्या म्हणाल्या. “महिनाभराची असेल.”

माधवीने पडद्याकडे पाहिलं नाही. तिला त्या पडद्याची ओळख होती.

डॉक्टरांनी शांतपणे समजावून सांगितलं. आज ऑपरेशन केलं तर पिशवीबरोबर सगळंच जाईल. नाहीतर आज घरी न्या, पिल्लं होऊ द्या, त्यांना घरं शोधा आणि मग आणा. दोन्हीत मांजरीला सारखंच जपावं लागेल, पण ठरवायचं मालकाने.

माधवी बाहेर आली आणि तिने जितेशला फोन लावला. मागे मशिनचा आवाज येत होता. तिने दोन वाक्यांत सांगितलं. तो म्हणाला, “तुला काय वाटतं ते कर.” आणि लगेच, “सुपरवायझर बोलावतोय,” म्हणून फोन ठेवला.

ती आत गेली. तिने एवढंच विचारलं, “हिला कळेल का?”

“गुंगीत काही कळत नाही,” डॉक्टर म्हणाल्या. “नंतर काय कळतं, ते मला खरंच सांगता येणार नाही.”

“करा,” माधवी म्हणाली.

बाहेरच्या बाकावर बसून तिने वाट पाहिली. तिला रडू आलं नाही. पोटावरच्या जुन्या टाक्यांच्या जागी ओढल्यासारखं झालं, म्हणून ती जरा वाकून बसली. तीनदा तिची मुलं गेली तेव्हा तिला कुणी विचारलं नव्हतं. जायचं ते गेलं होतं. या वेळी विचारलं होतं आणि तिने हो म्हटलं होतं. हा फरक तिच्या मनात घुसला तो कायमचा.

ऑपरेशन नीट झालं. डॉक्टरांनी ठमी गुंगीत असतानाच तिच्या मानेमागे जाड सुईने चिप सोडली. तांदळाच्या दाण्याएवढी असते, म्हणाल्या, मांजर कुठे आहे ते ती सांगत नाही. पण कुणाला सापडलीच आणि दवाखान्यात नेली, तर यंत्र फिरवून नंबर दिसतो आणि त्यावरून मालक कळतो. मालकाचं नाव काय घालू? माधवीने स्वतःचं नाव दिलं.

घरी येईपर्यंत दिवेलागण झाली होती. कौसाबाईंनी टोपली उघडली. ठमीला कापडाचा पट्टा बांधला होता, तिची मान हलत होती, पोटावरचे केस भादरलेले होते. कौसाबाई खाली बसल्या. त्यांनी पट्ट्याच्या कडेने बोट आत घालून टाके पाहिले.

“पोटुशी व्हती ना गो ती?”

माधवीला नाही म्हणता आलं असतं. डॉक्टरच्या गोष्टी म्हातारीला कोण सांगणार होतं? पण सकाळी एक खोटं बोलून झालं होतं आणि दुसरं तोंडातून निघेना.

“हो, आई.”

“मला म्हाइत व्हता,” कौसाबाई म्हणाल्या. “कालच कपाटात लुगडं घालून ठेवलाय मी.”

एवढंच बोलल्या. टाके सुकेपर्यंत ठमीचं सगळं त्यांनीच केलं. तिला टाके चाटू दिले नाहीत, बोटाने पातळ भात भरवला, रात्री आपल्या अंथरुणाशी घेतलं. माधवीशीही नेहमीसारखं बोलत होत्या, भाजी काय करू, गॅस संपत आलाय. टाके काढून आणल्यावर दुसऱ्या दिवशी त्यांनी पिशवी भरली आणि मुरबाडला लेकीकडे जाऊन येते म्हणाल्या. जितेश त्यांना एसटीत बसवून आला. कपाटातलं लुगडं त्यांनी तिथेच ठेवलं होतं.

महिना झाला, दुसरा लागला, तरी त्या येईनात. फोन केला की पाऊस, गुडघे, नातवंडांची शाळा. मग एका रविवारी माधवी स्वतः मुरबाडला गेली. नणंदेने चहा दिला आणि दोघींना ओटीवर सोडून ती आत गेली. कौसाबाई वाल सोलत बसल्या होत्या. माधवीने समोर बसून मूठभर वाल हातात घेतले आणि म्हणाली, “आई, माझं चुकलं असेल तर बोला. पण घरी चला.”

कौसाबाईंनी हात थांबवला नाही.

“तुझ्यावं राग नाय गो पोरी. तुझा काय चुकला? तू भोगलास ते मी डोल्यांनी बघितलाय.” त्यांनी सालं बाजूला सारली. “पन तिथं आता कुनी यायचा नाय. मानसाचा नाय नि मांजराचा नाय. नुसती दाराकडं बघत बसून मी काय करू?”

माधवीच्या ओठांवर आलं, की पिल्लं तुमच्या लेकानेच नेली होती, तिथून हे सगळं सुरू झालं. ते ओठांवर आलं आणि तिने गिळलं. म्हातारीचा लेक तरी म्हातारीकडे राहू दे. तिने उरलेले वाल सोलून दिले, पाया पडली आणि दुपारच्या एसटीने परतली. कौसाबाईंनी तिच्या पिशवीत सोललेले वाल घातले होते. जितेशला आवडतात म्हणून.

तो दारातच उभा होता. तिच्या मागे कुणी नाही हे त्याने पाहिलं.

“नाही आली?”

“नाही येणार,” माधवी म्हणाली.

त्याने कारण विचारलं नाही. ती सांगेल म्हणून तो घाबरला होता, की त्याला ठाऊकच होतं, हे तिला कधी कळलं नाही. तिने वालाचं बिरडं केलं. दोघांनी जेवून ताटं उचलली.

आता सोसायटीत कुणाची तक्रार नाही. जिना स्वच्छ असतो. भावेश भेटला की ठमीची चौकशी करतो. ठमी गुबगुबीत झाली आहे, बाहेर फारशी जात नाही, कपाटाकडे तर बघतही नाही. जितेश मिळेल तेव्हा डबल शिफ्ट घेतो आणि कंपनीतच जेवतो. कौसाबाईंना माधवी अजून फोन करते, पण बोलणं तब्येतीपलीकडे जात नाही.

दुपारी ती आडवी झाली की ठमी येऊन तिच्या पोटाशी अंग मुडपून झोपते. माधवी तिला हाकलत नाही आणि कुरवाळतही नाही. ऊन गॅलरीतून सरकून भिंतीवर जाईपर्यंत तशीच पडून राहते. मग जितेशचा फोन येतो, आज डबल आहे, वाट बघू नकोस. ती बरं म्हणते.