रोजनिशीतली फॅमिली

ऑक्टोबरातली ती दुपार आठवली की आधी वास येतो, मेणाच्या पॉलिशचा, जुन्या कागदांचा आणि ताटलीत कापून ठेवलेल्या सफरचंदांचा. दोन हजार सालानंतरची ती पहिली वर्षं. नवऱ्याच्या नोकरीमुळे आम्ही ग्लासगोला आलो होतो, आणि आमच्या खालच्याच मजल्यावर इसोबेलबाई राहायच्या. 'बाई' मी मनातल्या मनात लावायचे. सत्तरी ओलांडलेल्या माणसाला नुसत्या नावाने हाक मारायची म्हणजे माझी जीभ अजून अडखळते. त्या मॉर्मन या ख्रिस्ती पंथाच्या. चहा त्यांना वर्ज्य, हे ठाऊक नसताना पहिल्याच भेटीत मी मोठ्या प्रेमाने आल्याचा चहा घेऊन गेले, तर त्यांनी तो कप खिडकीत ठेवला आणि "वास मात्र सुंदर आहे" एवढंच म्हणाल्या.

त्यांची दृष्टी मंदावत चालली होती. मध्ये धुकं आणि कडेकडेला उजेड, असं त्या सांगायच्या. म्हणून शनिवारी दुपारी मी त्यांना त्यांच्या आजोबांच्या रोजनिश्या वाचून दाखवू लागले. आजोबा आठवडाभर कारखान्यात यंत्रं जुळवायचे, घरी नवी घडवायचे आणि रविवारी प्रार्थनामंदिरात सगळ्या मंडळींचं नेतृत्व करायचे. या पंथात पगारी पुरोहित नसतो आणि रोजनिशी लिहिणं हे जवळजवळ धर्मकार्यच. धुतलेले कपडे पिळायचं एक यंत्र त्यांच्या नावावर होतं. त्याच्या रुळांची नि दात्यांची चर्चा पानंच्या पानं चाले, मध्येच प्रवचनाची टिपणं येत, आणि लगेच पुन्हा स्क्रू. परमेश्वराला आणि दातेरी चाकाला एकच शाई, एकच टपोरं अक्षर. मला बाई मोठी मौज वाटायची.

इसोबेलबाईंना मात्र त्यात एकच गोष्ट हवी होती. त्यांना आजीने वाढवलं होतं, आणि एवढ्या वह्यांत आजीचं नाव कुठेच नव्हतं. "स्क्रूची लांबी लिहून ठेवली गं या माणसाने, पण बायकोचं नाव नाही," असं त्या एकदा म्हणाल्या. वह्या लवकरच त्यांच्या चर्चच्या संग्रहात जायच्या होत्या. त्याआधी आजी एकदा तरी कानावर पडावी, आजोबांना ती दिसत होती एवढं तरी कळावं, ही त्यांची आस. आता शेवटच्या दोन वह्या उरल्या होत्या.

त्या दुपारी उन्हाचा तिरपा, फिकट पट्टा टेबलावर आला होता आणि मी वाचत होते. फॅमिलीने नवं हँडल फिरवून पाहिलं. पसंत नाही. फॅमिली रागावली. मी खुदकन हसले. "काय खमकी होती हो तुमची आजी!"

"आजी कुठे आहे त्यात?"

"अहो, ही काय! फॅमिली!"

त्या माझ्या आवाजाच्या दिशेने पाहत राहिल्या. मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला. मी वाढले त्या घरात बायकोचं नाव घ्यायचं ते उखाण्यात. एरवी 'आमचं कुटुंब', आणि नोकरीबिकरी लागून चार इंग्रजी शब्द आले की 'आमची फॅमिली'. फॅमिली माहेरी गेली म्हणजे घर काही ओस पडत नाही, एक बाई गेलेली असते. मी या स्कॉटिश गृहस्थांना बिनदिक्कत आमच्या सोलापूरच्या काकांच्या पंगतीत बसवलं होतं! हे सगळं सांगितलं, तर त्या हळूच म्हणाल्या, "इकडे असं कुणी म्हणत नाही." मी ओशाळले. त्यांना उगाच आशा लावली असं वाटून अगदी जिवाला लागलं.

"पुढे वाच," त्या म्हणाल्या.

पुढच्या पानावर वाऱ्यापावसाचा रविवार होता. फॅमिली हिरव्या कोटात प्रार्थनेला आली. कोट शोभून दिसला.

सफरचंदाची फोड त्यांच्या हातातच राहिली. "एका कोटात अख्खं घर कसं मावेल?" असं म्हणून त्या हसायला लागल्या, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसल्या. तो कोट त्यांनी पाहिला होता. बाह्या झिजल्या तरी आजीने टाकला नव्हता.

मग काय, जुन्या वह्या पुन्हा उघडल्या. फॅमिलीला खोकला. फॅमिली वाऱ्यात पुलावरून यायला तयार नाही. स्क्रूंच्या गर्दीतून आम्ही ज्या ओळी ओलांडून आलो होतो, तिथे तिथे आता एक बाई उभी होती. आजोबा असं का लिहीत, संकोचाने की आपसातल्या थट्टेने, ते आता कोण सांगणार! माझी चूक त्यांच्या लकबीशी कशी जुळली, तेही एक नवलच.

शेवटी इसोबेलबाईंनी यंत्राला पेटंट मिळालं त्या दिवसाचं पान काढायला लावलं. तीनच वाक्यं होती. पेटंटचा कागद आला. फॅमिली झोपली होती. थांबलो.

"आम्हाला वाटायचं, सगळे झोपलेत म्हणून बिचारा गप्प बसला," त्या म्हणाल्या.

त्यांनी वही माझ्याकडून घेतली, मांडीवर ठेवली आणि त्यांना न दिसणाऱ्या त्या ओळीवरून अंदाजाने बोट फिरवलं.

"ती उठेपर्यंत," त्या म्हणाल्या. "ती उठेपर्यंत थांबला गं."