दुबईच्या फोनवर ढोलकीवाला

मुलांनो, भाईंदरला जेसल पार्कच्या एसटीडी बूथवर मला एकदा एक ढोलकीवाला भेटला. त्याचं नाव मी विचारलंच नाही. जुन्या भाईंदरचा कोळी, कडक इस्त्रीचा शर्ट, बोटांना चिकटपट्ट्या. दुबईतल्या एका हॉटेलच्या वाद्यवृंदासाठी त्याची फोनवर मुलाखत होती.

"बाय, तुमी इंग्रजीत बोला. माजं अडतं," म्हणत त्याने रिसीव्हर माझ्या हाती दिला.

तिकडच्या साहेबांनी वाजवायला सांगितलं. त्याने फोनखालच्या फळीवर बोटांनी असा ठेका धरला की रांगेतली माणसं डोलू लागली. साहेब खूश झाले. म्हणाले, "शुक्रवारी आमचा माणूस मुंबईत येतोय, त्याच्यासमोर वाजवा."

"शुक्रवारी न्हाय जमनार. गावात हळद हाय, वाजवायची सुपारी घेतलीय."

मी रिसीव्हरवर हात ठेवला. "अहो, हातची नोकरी जाईल! आजारी आहे म्हणून सांगू?"

"न्हाय. हाय तसंच सांगा."

मी तसंच सांगितलं. मग साहेब म्हणाले, "ठीक आहे. आमचा माणूस शनिवारपर्यंत थांबेल."

ऑफिसात मी जन्मभर इंग्रजी बोलले, पण इतकं ताठ मानेचं वाक्य त्या दिवशी पहिल्यांदाच बोलले.