डोंगरावरचे चाळीस धपाटे

माणसांवाचून ज्याच्या घशाखाली घास उतरत नाही असा माणूस मी जन्मात एकच पाहिला, आणि नेमका तोच शिकायला जर्मनीत जाऊन पडला. माझा खोलीतला जोडीदार. तो नेकनूरचा, मी बीडचा; इकडे असतो तर एसटीत शेजारी बसूनही ओळख झाली नसती. तिथे मात्र मी त्याचा सख्ख्यापेक्षा सख्खा. ट्राममधल्या अनोळखी म्हाताऱ्याला तो पाऊसपाणी विचारायचा. जेवायला बसला की दार सताड उघडं ठेवून जिन्यावरून जाणाऱ्या प्रत्येकाला "या जेवायला" म्हणून हाक मारायचा. लोक दचकून दोन-दोन पायऱ्या एकदम चढायचे. "घाईत असत्याल बे," म्हणत हा त्यांचीच बाजू घ्यायचा.

त्याची आई रोज फोनवर एकच विचारायची, "माणसं जोडली का रं? न्हाई तर शिक्षण गेलं खड्ड्यात, घरी ये." म्हणून मे महिन्यात या पठ्ठ्यानं अख्ख्या वर्गाला रविवारी डोंगरावर जेवायला बोलावलं. चौदा जण "वा, आवडेल की!" म्हणाले. तिथे ही नुसती सभ्यता असते. आमच्याकडे एवढं म्हणणारा माणूस घरच्यांना घेऊन हजर होतो. यानं शनिवारी चाळीस धपाटे थापले. धुरानं आगीची घंटा वाजली, सगळी इमारत रस्त्यावर उतरली, तर त्यानं त्यांनाही आमंत्रण देऊन टाकलं!

रविवारी स्टेशनवर आम्ही दोन गाड्या सोडल्या. "येत्याल बे, लग्नाला बी लोक उशिरानंच येत्यात." तिसऱ्या गाडीत आम्ही दोघंच चढलो. डोंगर चढताना त्यानं धपाट्यांच्या डब्याला मला हात लावू दिला नाही आणि दर वळणावर मागे वळून पाहत राहिला. मला त्याचा राग येत होता, अन् तरी त्याच्यासोबत मीही वळून पाहत होतो.

माथ्यावर फिरायला आलेल्यांची गर्दी होती. सतरंजी अंथरतो न अंथरतो तोच आईचा व्हिडिओ कॉल. "किती जण आले रं?"

त्यानं आधी रिकाम्या सतरंजीकडे पाहिलं. मग त्यानं फोन गर्रकन त्या परक्या गर्दीकडे फिरवला. "हे बघ की! समदे हायेत."

"अगं बाई, लई माणसं! मग उभी कावून ठिवलीस? वाढ की त्यांना."

झालं! आईचा शब्द. एका हातात फोन, एका हातात डबा, असा तो माणसामाणसापुढे उभा राहू लागला. बहुतेकांनी हसून मान हलवली. शेवटी काठी घेतलेल्या एका म्हातारीनं तुकडा तोंडात घातला, तिखटानं डोळ्यांत पाणी आलं तरी फोनकडे बघून हात हलवला. "माझा जीव भांड्यात पडला बाबा," आई म्हणाली. फोन बंद झाला. तो माझ्याशेजारी येऊन बसला, अर्धा धपाटा खाल्ला आणि डबा बांधला.

उतरताना एरवी दगडधोंड्यांशी बोलणारा हा माणूस चकार शब्द बोलला नाही. पायथ्याशी आल्यावर एवढंच म्हणाला, "तू तरी कावून आलास बे?"

"तू बोलावलंस म्हणून," मी म्हणालो.

खरं म्हणजे त्या अख्ख्या वर्षात मला दुसऱ्या कुणी बोलावलंच नव्हतं.